सीप्लेन पाण्यावर उतरताना उलटतं तेव्हा नेमकं काय होतं, आणि प्रवाशाने काय करायचं

प्रश्न असा आहे: "मार्चमध्ये आई-बाबांना घेऊन मालदीवला जातोय. मालेपासून रिसॉर्टपर्यंत सीप्लेननेच जायचंय. उतरताना उलटलेल्या सीप्लेनचा व्हिडिओ पाहिल्यापासून आई नकोच म्हणतेय. तिला पोहता येत नाही. हे खरंच किती धोक्याचं असतं? आणि उद्या आपल्याकडे धरणांवर ही सेवा सुरू झाली तर बसावं का?"

जरूर जा, आणि आईंनाही न्या. पण "काही होत नाही गं" म्हणून त्यांची भीती उडवून लावू नका. त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे. माझी सगळी नोकरी फ्लोटवरच्या विमानांत गेली आणि आता मी नव्या पायलटना तेच शिकवते. मला ठाम वाटतं की या भीतीवर खरा उतारा माहितीचाच आहे, आणि ती माहिती दहा मिनिटांत सांगून होते. मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण प्रवाशांना ती सहसा अर्धवटच सांगितली जाते.

सीप्लेनच्या अपघाताची चर्चा निघाली की सगळे विमान आदळलं कसं, यावरच थांबतात. पण माणसं बहुतेक वेळा आदळल्याने जात नाहीत. उतरताना या विमानांचा वेग मोठ्या जेटच्या मानाने बराच कमी असतो आणि धडक बऱ्याचदा सोसण्याजोगी असते. माणसं जातात ती नंतरच्या एक-दोन मिनिटांत, शुद्धीवर असताना, बाहेर पडता न आल्याने. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने वीस वर्षांचे अपघात तपासले. पाण्यात पडून बुडालेल्या विमानांमधले साधारण ७० टक्के मृत्यू बुडून झाले होते. नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या सॅटर्ना बेटाच्या लायल हार्बरमध्ये 'बीव्हर' प्रकारचं एक छोटं सीप्लेन उड्डाणानंतर लगेच पाण्यात पडलं. आत आठ जण होते. पायलट आणि एक प्रवासी बाहेर आले. उरलेले सहा जण आतच बुडाले, त्यात एक तान्हं बाळही होतं. त्यानंतर मंडळाने दोन गोष्टींचा आग्रह धरला: दारं-खिडक्या झटकन उघडता आल्या पाहिजेत, आणि प्रवाशांनी तरंगण्याचं जॅकेट सीटखाली न ठेवता अंगावर घातलेलं असलं पाहिजे. जॅकेटचा आणि पायलटच्या पाण्याखालून बाहेर पडण्याच्या प्रशिक्षणाचा नियम तिथे २०१९ मध्ये झाला. मधली दहा वर्षं का गेली, हे मला अजून पटत नाही.

बाहेर पडणं इतकं अवघड का होतं, ते विमानाच्या बांधणीत आहे. फ्लोट म्हणजे खालून नावेसारखे दिसणारे लांबट, पोकळ, हवाबंद कप्प्यांचे दोन तराफे. पूर्ण वजनाचं विमान पेलायला जेवढं लागेल त्याहून ८० टक्के जास्त तरंगण्याची ताकद त्यांच्यात असावी लागते. प्रत्येक फ्लोटमध्ये किमान चार कप्पे असतात आणि त्यातल्या दोनांत पाणी शिरलं तरी विमान तरंगत राहावं, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण विमान उलटं झालं की हेच फ्लोट पाण्यावर वर राहतात आणि केबिन त्यांच्याखाली पाण्यात लोंबकळते. वरून बघणाऱ्याला वाटतं, विमान तर तरंगतंय. आतला माणूस मात्र पट्ट्याला उलटा टांगलेला असतो. नाकात पाणी, डोळ्यांपुढे बुडबुडे आणि फेस, आणि मघाशी डाव्या हाताला असलेलं दार आता कुठे गेलं ते कळत नाही.

आता विमान का उलटतं, ते पाहू. कारणं बरीच आहेत, पण एकाचा मला सर्वांत जास्त धसका आहे: चाकं.

काही सीप्लेनच्या फ्लोटमध्ये चाकंही असतात. ती धावपट्टीवरही उतरतात आणि पाण्यावरही. त्यांना अँफिबियन म्हणतात. पाण्यावर उतरताना चाकं आत ओढलेली हवीत. ती चुकून खाली राहिली तर पाण्याला टेकताक्षणी चाकं अडकतात, नाक खाली जातं आणि विमान कोलांटी खातं. सावरायला वेळच मिळत नाही. उलट, चाकं खाली घ्यायला विसरून धावपट्टीवर उतरलात तर फ्लोटचा तळ खरवडतो, दुरुस्तीचं बिल येतं आणि माणसं चालत बाहेर पडतात. एकच विसरभोळेपणा, पण पाण्यावर तो जिवावर बेततो. म्हणून या विमानांत चाकं वर असली की निळे दिवे लागतात आणि खाली असली की हिरवे. बऱ्याच विमानांत वेग कमी झाला की "चाकं वर आहेत, पाण्यावर उतरायला तयार" अशा अर्थाची सूचना आपोआप ऐकू येते. काही ठिकाणी पायलटला सीटवरून चाकं दिसावीत म्हणून आरसाही बसवलेला असतो.

इतकं असून चूक का होते? कारण ती उतरताना घडत नाही, उड्डाणानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत घडते. धावपट्टीवरून उड्डाण झालं, तेवढ्यात कंट्रोल टॉवरने काही विचारलं, समोर ढग आला, शेजारच्याने फोटोसाठी वळायला सांगितलं, आणि चाकं वर घ्यायची राहून गेली. वीस मिनिटांत पाणी समोर येतं. पाण्यावर उतरताना चाकांना हात लावायचा नसतो, हे अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून हात तिकडे जातच नाही. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी एक वाक्य घोकून घेते आणि प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायला लावते: "पाण्यावर उतरतोय, चाकं वर आहेत, चारही वर आहेत." एकदा उंचीवर, एकदा वळणावर, एकदा शेवटच्या टप्प्यात. दिव्यांकडे बोट दाखवून म्हणायचं, नुसतं तोंडाने नाही. शेजारी प्रवासी असेल तर त्याच्यासमोरही म्हणायचं.

दुसरं कारण अगदी वेगळं आहे, आणि तुम्ही मार्चमध्ये जाताय म्हणून ते जास्त लागू आहे. लोकांना वाटतं खवळलेलं पाणी धोक्याचं आणि शांत पाणी सोपं. पायलटला खरा घाम फोडतं ते एकही लाट नसलेलं, लख्ख शांत पाणी. पाण्यावर सुरकुती नसली की पृष्ठभाग डोळ्यांना दिसतच नाही. दिसतं ते आकाशाचं प्रतिबिंब, आणि मालदीवच्या उथळ लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडच्या शांत पाण्यात, तर थेट तळाची वाळू. आपण तीन फुटांवर आहोत की तीस फुटांवर, हे सांगता येत नाही. काळोखात जिना उतरताना शेवटची पायरी संपली आहे की अजून एक आहे हे कळू नये, तसं. पायलटला वाटलं अजून उंची आहे, तर तो नाक खाली ठेवून पाण्यात घुसतो. वाटलं पोचलो, तर तो हवेतच वेग मारतो आणि विमान वरून आदळतं. इंपीरियल एअरवेजची 'कोर्टियर' ही उडती नाव, म्हणजे थेट पोटावर तरंगणारं मोठं विमान, १ ऑक्टोबर १९३७ रोजी अथेन्सच्या फालेरॉन उपसागरात उतरताना अशीच गेली. पाणी सपाट होतं, उंचीचा अंदाज चुकला, माणसं गेली. त्या काळात याच कंपनीच्या उडत्या नावा भारतात राजसमंद आणि ग्वाल्हेरच्या तलावांवर उतरायच्या, म्हणजे आपल्याकडे हा प्रकार काही आजचा नाही.

यावरचा उपाय पक्का ठरलेला आहे आणि त्यात पायलटने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो. किनाऱ्याला लागून यायचं, म्हणजे बाजूच्या खिडकीतून झाडं, दगड, काठाची रेघ दिसत राहते. उंची थोडी उरली की नाक किंचित वर धरायचं, इंजिनाची थोडी ताकद ठेवायची आणि मिनिटाला साधारण १५० फूट एवढ्या संथ गतीने खाली यायचं. मग काहीही करायचं नाही. फ्लोट पाण्याला टेकेपर्यंत थांबायचं. हे "थांबणं" शिकवायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो. हात शिवशिवतात, पाणी आलं असं वाटतं आणि नाक आणखी ओढलं जातं. अशा उतरण्याला पाण्याचा पट्टाही नेहमीपेक्षा बराच लांब लागतो. एखादी बोट समोरून नेऊन पाणी थोडं हलवून घेतात, तोही चांगला मार्ग आहे. तुमचं विमान किनाऱ्याच्या खूप जवळून, बराच वेळ पाण्यालगत तरंगत गेलं, तर घाबरू नका. तो पायलट नीट काम करतोय.

वारा आणि लाटांबद्दल थोडक्यात. पाण्यावर वारा समोरून घ्यायचा, आणि लांब पल्ल्याच्या लाटा असतील तर त्यांना आडवं न जाता समांतर उतरायचं. दोन्ही गोष्टी एकत्र जमत नसतील तर दुसरीकडे जायचं. अलास्कात मेटलाकाटला बंदरात मे २०१९ मध्ये एक बीव्हर पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यात उतरताना उलटलं आणि आतले दोघेही गेले. वाऱ्याने विमान पुढे ढकललं जातं, पाण्याला टेकताना वेग नको तितका असतो, आणि एक फ्लोट जरा जास्त बुडला की विमान त्या बाजूला गरकन वळतं. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट घन आहे. पंखाचं टोक पाण्याला लागलं तर काय होतं, ते २२ फेब्रुवारी १९४३ ला लिस्बनमध्ये दिसलं. पॅन ॲमचं 'यांकी क्लिपर' टेगस नदीवर उतरायला वळत होतं, डावा पंख पाण्याला लागला आणि ३९ पैकी २४ जण गेले. अंधार पडत होता. आज मालदीवमध्ये सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. ते नियम कडक वाटतात, पण ते असल्या अनुभवांतूनच आलेले आहेत.

बाहेरून दिसत नाही असं एक काम सांगते, कारण त्यावरून ती कंपनी कशी आहे ते कळतं. सकाळी पहिल्या उड्डाणाआधी धक्क्यावर नजर टाका. फ्लोटच्या वरच्या बाजूला रांगेत छोट्या रबरी चेंडूंसारखी बुचं बसवलेली असतात, एकेका कप्प्याला एक. बुच काढायचं, हातपंपाची नळी आत लावायची आणि रात्रभरात झिरपलेलं पाणी उपसायचं. अनुभवी माणूस पंपाचे हात मोजतो. काल ज्या कप्प्यातून दोन-तीन हातांत पाणी संपलं, तिथे आज पंधरा लागले, तर कुठेतरी शिवण उघडली आहे किंवा रिव्हेट सैल झाली आहे. पाणी भरलेल्या फ्लोटचं विमान एका बाजूला जड होतं आणि उतरताना तीच बाजू आधी बुडते. हे काम घाईत उरकलं जात नाहीये ना, एवढं पाहिलंत तरी खूप कळेल.

आता तुमच्या हातात काय आहे ते.

सीटवर बसल्यावर पहिली गोष्ट म्हणजे जवळचं दार किंवा आणीबाणीची खिडकी शोधा. नुसतं बघू नका, हाताने अंदाज घ्या. आपली सीट, पुढच्या सीटची कड, दाराची चौकट, मग खटका. खटका वर ओढायचा की फिरवायचा, ते सुरक्षा-कार्डावर असतं. नसेल कळत तर क्रूला विचारा. त्यांना हा प्रश्न आवडतो. मग डोळे मिटून तोच हात पुन्हा दारापर्यंत नेऊन पाहा. उलट्या विमानात डोळ्यांचा उपयोग नसतो, हाताला रस्ता माहीत असावा लागतो.

विमान उलटलंच तर पट्टा लगेच सोडायचा नाही. हे सगळ्यांना उलटं वाटतं, म्हणून पुन्हा सांगते. पट्टा बांधलेला असेपर्यंत तुम्ही एका जागी असता, दार कुठे आहे ते हाताला माहीत असतं आणि दार ढकलायला जोर लावता येतो. पट्टा सोडला की शरीर तरंगून वर जातं, म्हणजे उलट्या विमानाच्या जमिनीकडे, आणि दिशा कायमची हरवते. म्हणून विमान हलायचं थांबेपर्यंत बसून राहायचं. एक हात दाराच्या चौकटीवर घट्ट. दुसऱ्या हाताने दार उघडायचं. पाणी आत भरेपर्यंत दार जड लागतं, आत-बाहेरचा दाब सारखा झाला की उघडतं. दार उघडल्यावरच पट्टा सोडायचा आणि चौकटीवरचा हात न सोडता स्वतःला त्या हाताच्या दिशेने बाहेर ओढायचं. पाय झाडायचे नाहीत, मागच्या माणसाला लागतात.

आणि जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं. कधीही आत नाही. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं बोइंग ७६७ कोमोरो बेटांजवळ समुद्रात उतरलं. १७५ पैकी १२५ जण गेले. धडकेतून वाचलेल्या अनेकांनी आतच जॅकेट फुगवली होती. पाणी भरलं तसे ते छताला चिकटले आणि खाली बुडी मारून दारापर्यंत जाणं त्यांना जमलं नाही. फुगवलेलं जॅकेट पाण्याखाली माणसाला पोहू देत नाही, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. याच कारणासाठी पाणी लागताच आपोआप फुगणारी होडीवाल्यांची जॅकेट विमानात वापरायची नसतात. कोणी आपलं स्वतःचं तसलं जॅकेट घालून बसू नये.

मुंबई हायवर जाणाऱ्यांच्या घरात हे सगळं नवीन नाही. जुहूहून हेलिकॉप्टरने रिगवर जाणाऱ्या माणसाला आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. गोव्यात बेतूलला ओएनजीसीची संस्था आहे, तिथे पाण्याच्या टाकीत सांगाड्यात बसवून तो सांगाडा उलटा करतात आणि माणसाला स्वतः बाहेर यायला लावतात. जून २०२२ मध्ये सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात उतरलं, नऊ जणांपैकी चौघे गेले आणि पाच वाचले. त्या प्रशिक्षणाला कंटाळवाणं म्हणणाऱ्याला मी हा अपघात आठवायला सांगते. सर्वसामान्य प्रवाशाला टाकीत उलटं करणं शक्य नाही, पण दार हाताने शोधायची सवय कुणालाही लावता येते.

आपल्या धरणांवर बसावं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. २०१४ मध्ये जुहूहून पवनेच्या पाण्यावर सीप्लेन सुरू करून पाहिलं गेलं, डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीला प्रात्यक्षिक झालं, आणि ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया सेवा सुरू झाली, ती काही महिन्यांतच थांबली. ही सेवा परत यावी असं मला मनापासून वाटतं. पण महाराष्ट्रात ती जवळपास नेहमीच अँफिबियनची असेल, म्हणजे जुहूसारख्या धावपट्टीवरून उडून धरणावर उतरणारी. वर चाकांबद्दल जे सांगितलं ते तिथे शंभर टक्के लागू होतं.

शिवाय धरण म्हणजे लगून नव्हे. पाण्याची पातळी सप्टेंबरात एक असते आणि मेमध्ये दुसरी. पवनेत उन्हाळ्यात वाघेश्वराचं देऊळ वर येतं, उजनीत पळसदेवचं. ज्या पाण्यातून देऊळ वर येतं, त्याच पाण्यात भिंती, बांध, झाडांचे बुंधेही हातभर खाली लपलेले असतात. त्यात मासेमारीची नायलॉनची जाळी, त्यांना बांधलेले थर्माकोलचे तुकडे, आणि उजनीला हिवाळ्यात फ्लेमिंगोंचे थवे. डिसेंबरच्या सकाळी पवनेचं पाणी इतकं सपाट असतं की वर सांगितलेला शांत पाण्याचा धोका तिथे रोज उभा राहील. म्हणून तिथे सेवा सुरू झाली की मी तीन गोष्टी विचारेन: उतरायचा पट्टा दर काही आठवड्यांनी खोली मोजून तपासला जातो का, प्रत्येक उतरण्याआधी बोट जाऊन तो मोकळा करते का, आणि माणसं काढायला शिकलेली माणसं त्या बोटीवर आहेत का. तिन्हींची उत्तरं "हो" असतील तर मी माझ्या घरच्यांना बसवेन. एकाही प्रश्नावर टाळाटाळ झाली तर नाही. मच्छीमारांना आधीपासून सोबत घेतलं तर हे सगळं सोपं होईल. धरणाचा तळ त्यांच्याइतका कुणालाच माहीत नसतो.

आता आईंसाठी. पोहता येत नाही हा अडथळा नाही. बाहेर पडायला पोहावं लागत नाही, हाताने ओढून घ्यावं लागतं, आणि बाहेर आल्यावर जॅकेट तरंगवतं. मालदीवच्या कोमट पाण्यात गारठ्याने श्वास अडकण्याची भीतीही नाही, जी कॅनडात असते. त्यांना दाराजवळची सीट द्या आणि तुम्ही शेजारी बसा. जॅकेट कमरेला बांधायच्या पाऊचमध्ये देत असतील तर बांधून घ्या. सीटखाली असेल तर ते हाताने चाचपून घ्या आणि कसं घालायचं ते धक्क्यावरच क्रूकडून समजून घ्या. साडीऐवजी सलवार-कमीज किंवा पँट बरी, ओढणी बॅगेत टाका. मोबाइलची दोरी किंवा कॅमेऱ्याचा पट्टा उतरताना गळ्यात नको. इंजिनाचा आवाज फार असतो, त्यामुळे कानात बोळे देतात. म्हणजे ऐन वेळी तुमचं बोलणं त्यांना ऐकू जाणार नाही. काय करायचं ते बसण्याआधीच ठरवा. घरी जेवणाच्या खुर्चीवर बसवून डोळे मिटून दोन-तीनदा करून घ्या: हात चौकटीवर, दार, मग पट्टा, मग बाहेर, मग जॅकेट.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट. मुंबईहून माले गाठणारं विमान असं निवडा की दुपारी साडेतीनच्या आत तुम्ही तिथे असाल. उशीर झाला तर अंधाराआधीचं शेवटचं सीप्लेन निघून जातं आणि रात्र मालेत काढावी लागते. तसं झालंच तर "आजच पोचवा" म्हणून काउंटरवर वाद घालू नका.